सांगड, उलांडी आणि मोटारीचा पंख

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले असल्यामुळे या परिसरात नौकेचा संबंध आरमाराशी किंवा सागरी व्यापाराशी कधी आला नाही. तो आला केवळ नदी ओलांडण्याच्या गरजेपोटी. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांना उन्हाळ्यात ठिकठिकाणी उतार मिळतो, म्हणजे पाणी पायी ओलांडता येईल इतके उथळ होते, आणि पावसाळ्यात मात्र त्याच जागी पात्र भरून वाहते. अशा पाण्यासाठी दख्खनच्या नदीकाठांनी जी साधने वापरली त्यांपैकी सर्वांत साधे साधन म्हणजे सांगड होय. वाळलेले पोकळ भोपळे दोरीने एकत्र जखडायचे आणि त्यांच्या आधाराने पोहणाऱ्याने पैलतीर गाठायचे, एवढीच तिची रचना होती. शरीर तरंगत नसेल तर तरंगणारी वस्तू त्याला बाहेरून जोडावी, हा तिच्यामागचा विचार नौकांच्या इतिहासात पुढेही वेगवेगळ्या रूपांत आढळतो.

कोकण किनाऱ्यावर हाच विचार उलांडीच्या रूपाने दिसतो. एका ओंडक्यातून कोरलेली होडी अरुंद असल्याने सहज कलंडते. म्हणून तिच्या एका बाजूला दोन आडव्या वाशांच्या टोकांना हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात आणि त्या जोडणीला उलांडी म्हणतात. होडी उलांडीच्या बाजूला कलू लागली की तो ओंडका पाण्यात दबून तिला वर रेटतो, आणि विरुद्ध बाजूला कलू लागली की त्याचेच वजन तिला मागे ओढते. भारतीय नौकांचा अभ्यासक जेम्स हॉर्नेल याने 1920 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात पश्चिम किनाऱ्यावरील या बांधणीची दखल घेतली होती. मूळ होडीचा आकार न बदलता बाहेरच्या एका जोडणीने तिचा स्वभाव बदलणे, हे उलांडीचे खरे वैशिष्ट्य होय.

पुसेगावच्या परिसरात विस्तीर्ण आणि संथ पाणी आले ते मात्र धरणांमुळे. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे 1960 च्या दशकात उभी राहिली आणि पैनगंगेवरील इसापूर धरण 1980 च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. नदीच्या पात्रात वाऱ्याला मोकळी लांबी फारशी मिळत नाही, पण जलाशयावर ती काही किलोमीटर मिळते आणि त्यामुळे आखूड, उभ्या लाटा उठतात. नदीवर मासेमारी करणाऱ्या भोई समाजाच्या वल्ह्यांच्या साधनांसाठी हे पाणी वेगळे होते. अंतर वाढले तशी यंत्राची गरज वाढली, आणि पूरस्थितीत शोध व बचाव करणाऱ्या पथकांच्या रबरी बोटींसोबत ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटार, हा शब्दही मराठी वृत्तपत्रांत रुळला.

आउटबोर्ड मोटार म्हणजे होडीच्या पोटात न बसवता मागच्या आडव्या फळीवर बाहेरून टांगलेले इंजिन. गुस्ताव्ह त्रूव्हे याने 1881 मध्ये पॅरिसच्या सीन नदीवर विजेवर चालणारी अशी मोटार चालवून दाखवली, तर ओले एव्हिनरूड याने 1909 पासून अमेरिकेत मिलवॉकी येथे पेट्रोलवरील मोटारींचे उत्पादन सुरू करून त्यांना बाजार मिळवून दिला. मोटार काढता-घालता येते, उथळ पाण्यात वर उचलता येते आणि तीच सुकाणूचेही काम करते. पण तिचे सारे वजन होडीच्या अगदी मागच्या टोकावर पडते. त्यात चालक आणि इंधनाची टाकी यांचीही भर पडली की पिछाडी दबते.

या दबण्याचा परिणाम वेग वाढवताना स्पष्ट होतो. संथ चालणारी होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून चालते, आणि अशा चालीला तिच्या लांबीने ठरणारी मर्यादा असते. विल्यम फ्रूड याने 1870 च्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे नौकांच्या प्रतिकृती टाकीतील पाण्यात ओढून लाटा आणि वेग यांचे जे नाते तपासले, त्यावर हे गणित उभे आहे. साडेचार मीटर लांबीच्या होडीसाठी ही मर्यादा ताशी सुमारे साडेनऊ किलोमीटर येते. त्यापलीकडे जायचे तर होडीला स्वतः उठवलेल्या लाटेवर चढावे लागते आणि मग तिचा सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत धावू लागतो. या अवस्थेला प्लेनिंग म्हणतात. चढण्याच्या त्या काही क्षणांत नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आकाशाकडे उचलले जाते, पिछाडी खड्ड्यात बसते आणि चालकाला समोरचे पाणी दिसेनासे होते. मोटारीची ताकद कमी किंवा भार जास्त असेल तर होडी याच अवस्थेत अडकून पडते आणि इंधन मात्र भरपूर जळते.

यावरचा उपाय पाण्याखालील पंखाच्या तत्त्वातून निघाला. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्याने विमानाच्या पंखासारखा अगदी लहान पत्राही पाण्यात मोठी उचल देतो, आणि वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते. एन्रिको फोर्लानिनी याने 1906 मध्ये इटलीतील माज्जोरे सरोवरावर असे पंख लावलेली नौका पाण्याच्या वर उचलून दाखवली, आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल व केसी बाल्डविन यांच्या एचडी-4 नौकेने 1919 मध्ये कॅनडात ताशी सुमारे 114 किलोमीटरचा वेग गाठला.

लहान होडीच्या मोटारीला लावला जाणारा पंख हा याच कुळातला असला तरी त्याचे काम मर्यादित आहे. पंख्याच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या, लगेच वर मोटारीच्या पायाला एक आडवी पट्टी असते. तिला बोलीत कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण प्रत्यक्षात ती पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून असते. या पट्टीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे किंवा धातूचे पसरट पंख बोल्टने बसवले की वेग घेताना पिछाडी उचलली जाते, त्यामुळे नाळ खाली येते, होडी लवकर प्लेनिंगवर जाते आणि थोड्या कमी वेगातही त्या अवस्थेत टिकून राहते. याची किंमतही द्यावी लागते: पूर्ण वेगात हाच पंख पाण्याला अडथळा होऊन कमाल वेग थोडा घटवू शकतो, आणि बसवण्यासाठी भोके पाडल्यास मूळ पट्टी कमकुवत होण्याचा धोका असतो.

म्हणून पंखाचा विचार शेवटी येतो. मोटार योग्य उंचीवर, म्हणजे तिची पट्टी होडीच्या तळाच्या जवळपास रेषेत, बसली आहे का, तिचा कोन बरोबर आहे का आणि टाकी व माणसे पुढे सरकवून भार समतोल होतो का, हे आधी तपासावे लागते. उलांडी होडीला कलंडण्यापासून सावरते, पण तिची भार वाहण्याची मर्यादा नाहीशी करत नाही. पंखाचेही तसेच आहे. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुराच्या पाण्यात माणसांनी भरलेली बोट उलटली, तेव्हा याच मर्यादेची जाणीव महाराष्ट्राला झाली. सांगडीपासून मोटारीच्या पंखापर्यंत प्रत्येक जोडणीने नौकेचा एकेक दोष कमी केला आहे. होडीत किती माणसे बसवायची याचा निर्णय मात्र कोणत्याही काळात नावाड्यावरच राहिला आहे.