सांडवा : एक शब्द आणि लहान मातीच्या धरणाची सुरक्षितता

नाशिक येथे गोदावरीच्या पात्रातून पैलतीरी जाण्यासाठी पूर्वी जे ठेंगणे दगडी बांधकाम करीत, त्यास ‘सांडवा’ म्हणत. पूर आला म्हणजे ही वाट बुडे व पाणी तिच्यावरून निर्वेध वाहून जाई. ‘सांडव्यावरची देवी’ या देवस्थानाच्या नावात तो शब्द आजही टिकून आहे. धरणाच्या संदर्भात सांडवा म्हणजे जलाशयातील जादा पाणी बाहेर काढून देणारा मार्ग. बागलाण, कळवण या भागांतील व शेजारच्या धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीत पाटातील अधिक पाणी बाहेर सोडणाऱ्या मुखास ‘सांडम’ म्हणतात. हा शब्दही उघडच त्याच कुळातला दिसतो.

या सर्वांच्या मुळाशी ‘सांडणे’ हे क्रियापद आहे. त्याचा संबंध प्राकृतातील ‘छड्ड’, ‘छंड’ या धातुरूपांशी जोडला जातो. आद्य ‘छ’चा मराठीत ‘स’ होणे नियमास धरूनच आहे. ‘छुरिका’पासून ‘सुरी’ झाली, ती याच रीतीने. प्राचीन मराठीत सांडणे म्हणजे मुख्यतः टाकून देणे, त्याग करणे. याउलट ‘धरण’ हा शब्द ‘धृ’ धातूपासून, म्हणजे धरून ठेवण्याच्या क्रियेपासून आलेला आहे. धरणे आणि सांडणे या परस्परविरोधी क्रियांचा मेळ हीच मातीच्या धरणाच्या सुरक्षिततेची पहिली अट होय, आणि खाजगी मालकीच्या लहान धरणात नेमका तोच मेळ बिघडण्याचा संभव अधिक असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम बंधारा आणि मातीचे धरण यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. फड पद्धतीतील बंधारा दगडी असतो. पुराचे पाणी त्याच्या माथ्यावरून गेले तरी तो सहसा टिकतो. तेथे बंधारा स्वतःच सांडवा होतो. मातीच्या धरणाचे तसे नाही. माथ्यावरून वाहणारे पाणी प्रथम खालच्या उतारावरील माती खरवडते, मग घळ पाडते, आणि थोड्याच अवधीत सारा भराव वाहून नेते. म्हणून मातीच्या धरणास स्वतंत्र व पुरेसा रुंद सांडवा असावा लागतो आणि पूर्ण पातळीपासून माथ्यापर्यंत काही उंची कायम मोकळी ठेवावी लागते. मालकाच्या दृष्टीस ही उंची वाया गेलेली दिसते. सांडव्याच्या तोंडाशी फळ्या वा मातीची पोती लावली की तेवढ्याच धरणात अधिक पाणी मावते. मात्र तेवढ्यानेच ते धरण धोक्याच्या हद्दीत जाते.

याचे सर्वांत भीषण उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क येथील मातीचे धरण एका खाजगी क्रीडामंडळाच्या मालकीचे होते. तळ्यातील मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविल्या होत्या. तळातील विमोचक नळ पूर्वीच काढून टाकलेले होते. गाड्यांना वाट मिळावी म्हणून माथाही खाली आणला होता. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत जाळ्यांशी केरकचरा साचला, पाणी माथ्यावरून गेले आणि धरण फुटले. खालच्या जॉन्सटाउन नगरात व परिसरात २,२०९ माणसे मृत्यू पावली. तळ्याचा उपभोग एकाचा आणि संकट दुसऱ्याचे, हे खाजगी धरणाचे वैशिष्ट्य येथे स्पष्ट होते.

महाराष्ट्रास हा धडा शासकीय आणि मोठ्या धरणाने दिला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. विमोचकाचे काम अपुरे असतानाच जलाशय भरत गेला आणि भराव खचला. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे दगडी धरणही त्याच दिवशी फुटले आणि पुणे शहर जलमय झाले. पाणी बाहेर सोडण्याची सोय सिद्ध होण्यापूर्वी पाणी धरले गेले, हे येथील दुर्दैव.

पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या धरणात हा विरोध अधिकच तीव्र होतो. पूर झेलावयाचा तर जलाशय बराचसा रिकामा राखावा लागतो. भरलेले धरण पूर अडवीत नाही, आलेला पूर पुढे सोडते. नाशिकजवळील गंगापूरचे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. तरीही २००८, २०१६ व २०१९ मध्ये गोदाकाठी मोठे पूर आले आणि नाशिककरांनी दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढले, यावरून ते मोजले. मोठ्या धरणावर पाणी सोडण्याचे वेळापत्रक असते, रात्री पहारा असतो. खाजगी बांधाचा मालक मात्र उन्हाळ्यातील पिकासाठी पावसाळ्याच्या आरंभीच तळे भरून घेऊ पाहतो. पुरासाठी बांधलेला बांध अशा रीतीने साठवणीचा होतो आणि पूर झेलण्याची त्याची शक्ती संपते.

दुसरा धोका पाण्याच्या आतील वाटेचा. मराठीत ‘पाझर’ आणि ‘गळती’ हे शब्द वेगळे आहेत आणि हा भेद उपयुक्त आहे. पायथ्याशी येणारे थोडे, स्थिर व स्वच्छ पाणी हा पाझर. तो मोजून नोंदवावा. तेच पाणी वाढू लागले वा गढूळ झाले, तर ते धरणातील माती वाहून आणीत आहे असे समजावे. झाडांची मुळे आणि प्राण्यांची बिळे त्यास वाट करून देतात. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसांहून अधिक माणसे दगावली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. अपघातानंतर खेकड्यांना दोष देणारे विधान गाजले. परंतु बिळे दिसत असतील तर ती बुजविणे हे राखणाऱ्याचेच काम नव्हे काय?

नाशिक येथे १९५९ मध्ये अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि १९८० मध्ये धरण सुरक्षितता संघटना स्थापन झाली. २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाने खाजगी मालकासही उत्तरदायी केले आहे. परंतु तो १५ मीटरांहून उंच धरणांस, तसेच १० ते १५ मीटरांच्या धरणांपैकी विशिष्ट अटी पुऱ्या करणाऱ्यांसच लागू होतो. ओढ्यावरील सहा-सात मीटरांचा बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याच्याखालील वस्ती मात्र पाण्याच्या कक्षेबाहेर राहत नाही.

फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या यांच्याकडे पाण्याची राखण सोपविलेली असे, कारण पाणी सर्वांचे होते. खाजगी बांधास असा जागल्या नसतो. मृगापूर्वी सांडवा मोकळा करणे, माथा समतल राखणे, झुडपे उपटणे, पायथ्याचे पाणी पाहणे आणि खालच्या वस्तीस वेळीच सूचना देण्याची सोय ठेवणे, ही कामे अल्पखर्चाची आहेत. ती मालकाच्या मर्जीवर न सोडता ग्रामपंचायतीच्या नोंदीत आणणे उचित होईल. पाणी धरणाऱ्याने ते कोठे सांडेल याचाही हिशेब दिला पाहिजे. तो हिशेब खालच्या वस्तीचा हक्क आहे.