मानेवरचं वजन : चुंबळ, पोतं आणि हेडफोन

मंडळी, व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचा विषय वाचून दोघा-तिघांनी फोन केले. "सर, तत्त्वज्ञान सोडून हे हेडफोनचं काय काढलं?" प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर शंकराचार्य आणि कांट शिकवले, आणि पंच्याहत्तरीत मानेवर बोलायला उभे राहिलो. कारण घरगुती आहे, ते आधी सांगून टाकतो.

आमचा नातू लातूरला असतो. 'नीट'चा दुसरा प्रयत्न चालू आहे. एका खोलीत चार पोरं. एकमेकांचा आवाज नको म्हणून प्रत्येकाच्या कानांवर ते मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन. दिवसाचे आठ-नऊ तास लेक्चरं ऐकायची, तीही मोबाइलवर. मोबाइल टेबलावर आडवा, आणि पोराची मान खाली. दिवाळीला नांदेडला आला तेव्हा म्हणाला, "आबा, मान लई दुखते. हेडफोन जड पडतात." आम्ही हसलो. म्हणालो, "अरे, तुझ्या पणजीनं डोक्यावर खडी वाहिली, आणि तुला पाव किलोचं ओझं होतंय?" पोरगा गप्प बसला. पुढे तीन महिने त्यानं विषय काढला नाही. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, पेन धरवेना, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेला. आता बरा आहे. पण ते आमचं हसणं आम्हाला काही सोडत नाही. आपण का हसलो, याचा शोध घेता घेता आम्ही इतिहासात जाऊन पोचलो.

आपल्या भागात डोक्यावरच्या ओझ्याचा इतिहास कुणी वेगळा लिहिला नाही. पण तो भाषेत आहे. पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा, सरपणाची मोळी, शेणाची पाटी, मातीचं घमेलं. प्रत्येक ओझ्याला वेगळं नाव. आणि या सगळ्यांच्या खाली एकच वस्तू, चुंबळ. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून केलेलं कडं. तिचं काम नीट पाहा. हंड्याचा गोल बूड कवटीवर एका बिंदूत टेकतो. चुंबळ त्या बिंदूचं वर्तुळ करते. वजन एका तोळ्यानंही कमी होत नाही, फक्त ते पसरतं आणि डुगडुगत नाही. हेडफोनच्या पट्टीखाली जी मऊ गादी असते ना, ती दुसरं काही नाही, चुंबळच आहे. पट्टी अरुंद असली की टाळू दुखतो, रुंद असली की तेच वजन जाणवत नाही. आमच्या आयांना हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायची गरजही नव्हती.

आता घरातून बाजारात येऊ. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मराठवाड्याचा कापूस, तूर, करडई, तेलबिया बाहेर कशा गेल्या? आपण म्हणतो, रेल्वेनं. अर्धं खरं आहे. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे आली. रुळांची रुंदी अडीच फूट. ती गाडी कुर्डुवाडीला जायची, आणि तिथे मोठी लाइन साडेपाच फुटांची. लहान डबा मोठ्या रुळावर चालत नाही. मग माल उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. इकडे नांदेडकडचा रस्ता तसाच. निजामाची गोदावरी खोऱ्यातली लाइन १९०० च्या सुमारास झाली, ती मीटरगेज. मनमाडला पोचली की पुन्हा रुंदी बदलली, पुन्हा उतरवा, पुन्हा चढवा. म्हणजे या प्रदेशाच्या दोन्ही दारांवर रूळ जुळत नव्हते, आणि ती फट भरून काढली माणसाच्या मानेनं. इंजिनिअरांच्या नकाशात याला 'गेज बदल' म्हणतात. हमालाच्या हिशेबात ते एक जादाचं पोतं होतं.

आणि पोतं म्हणजे किती? क्विंटलचं पोतं आमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. शंभर किलो. ज्याच्या पाठीवर ते चढायचं त्याचं स्वतःचं वजन पन्नास-पंचावन्न. मान पुढे वाकलेली, पोत्याचा भार मानेच्या मुळाशी, आणि त्यावर फळीवरून चढायचं. हमालांचे पाठ-मानेचे आजार हा 'धंद्याचा भाग' समजला जायचा. तो भाग नाही, तो प्रश्न आहे, असं म्हणणारी माणसं पुढे आली. पुण्यात बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केलं. त्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. 'माथाडी' हा शब्द पाहा. माथ्यावर वाहतो तो माथाडी. शरीराच्या एका अवयवावरून कामगाराचं नाव पडलं आणि ते नाव कायद्याच्या मथळ्यावर गेलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं शिफारस केली होती की एका प्रौढ पुरुषानं नेहमी वाहायचं ओझं ५५ किलोपेक्षा जास्त नसावं आणि स्त्रियांसाठी ते बरंच कमी असावं. पन्नास किलोची गोणी आज आपल्याला स्वाभाविक वाटते. ती स्वाभाविक नाही हो, ती भांडून मिळवलेली आहे.

इथे आम्हाला थांबावं लागतं. कारण कायद्याला पोतं दिसलं, हंडा दिसला नाही. पोत्याला मजुरी होती, मालक होता, बाजार होता. हंड्याला यातलं काहीच नव्हतं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, धातूचं वजन वेगळं. दिवसाला पाच-सहा खेपा. हे वजन कुठल्या नोंदवहीत आलं?

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीनं अंगावर घेतलेला आहे. आम्ही तेव्हा एम.ए. करत होतो. सुट्टीत गावी आलो तर आई दुष्काळी कामावर. तलावाचं काम होतं. पुरुष खणायचे, बाया घमेली वाहायच्या. पुढे याच कामांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, देशाला दिशा मिळाली. ते मोठं काम आहे, त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण त्या दिवशी आम्ही आईच्या डोक्याकडे पाहिलं. टाळूवर रुपयाएवढ्या जागेतले केस गेले होते. आम्ही विचारलं, "मान दुखते का गं?" ती म्हणाली, "मानंचं काय इचारतोस, माप कधी होणार ते इचार." मजुरी मातीच्या मापावर होती. हजेरीपटावर नाव होतं, खड्ड्याची लांबी-रुंदी होती. मानेचा रकाना नव्हता. रकाना नसला की माणूस स्वतःही त्या दुखण्याला दुखणं म्हणायचं सोडतो. दिवाळीत आम्ही नातवाला हसलो ते याच सवयीतून.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला पाण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मिरज ते लातूर हा तोच जुना बार्शी लाइटचा मार्ग, आता ब्रॉडगेज झालेला. रूळ जुळले होते. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पाणी यंत्रानं आलं. आणि टँकरपासून घरापर्यंतचं शेवटचं अंतर? ते पुन्हा डोक्यावरून आणि कमरेवरून. शंभर वर्षांत लांबचा पल्ला सुधारला, जवळचा तसाच राहिला.

आता शास्त्राकडे वळू, थोडक्यात. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. मान सरळ असली तर ते वजन मणक्यांच्या उतरंडीवर बसतं. मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. अमेरिकेतल्या एका शल्यचिकित्सकानं २०१४ मध्ये याचा हिशेब मांडला होता : पंधरा अंश झुकलं की मानेवरचा भार सुमारे बारा किलो, तीस अंशांना अठरा, साठ अंशांना सत्तावीस. हा गणिती नमुना आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, पण दिशा बरोबर आहे. मोठे हेडफोन अडीचशे ते चारशे ग्रॅमचे, काही महागडे पाचशेच्या पुढे. साडेतीनशे ग्रॅम धरा. डोक्याच्या वजनाच्या सात टक्के. साध्या त्रैराशिकानं पाहिलं तर तीस अंशांवर हे सव्वा किलो होतात. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. हेडफोन जड पडत होते, पण जड करत होती ती मान आणि टेबलावरचा मोबाइल.

यावरून कुणी म्हणेल, हंडा बरा, मान सरळ तरी राहते. केनियातल्या बायांवर १९८६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचं ओझं त्या जवळपास जादा शक्ती न खर्चता वाहतात. चाल आणि तोल यांचं ते कौशल्य आहे. पण घानात डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या एक्स-रे तपासण्यांत मानेच्या मणक्यांची झीजही दिसली. कौशल्य होतं म्हणून इजा नव्हती असं नाही. आमच्या आयांचं फोटोतलं डौलदार चालणं पाहून आपण फसतो.

हेडफोनचा इतिहासही गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर मुलींच्या खांद्यावर काही किलोंचा सांगाडा बसवत. १९१० मध्ये बाल्डविन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं स्वयंपाकघराच्या टेबलावर हेडफोन जुळवले आणि ते आरमारानं घेतले. १९७९ मध्ये सोनीनं वॉकमन काढला, त्याचे हेडफोन पन्नास ग्रॅमच्याही आत होते. तिथून पुन्हा बॅटरी आली, आवाज अडवणारी यंत्रणा आली, आणि वजन परत चढलं. म्हणजे हलकं करता येतं हे सिद्ध झाल्यावरही आपण जड घेतो, कारण बाहेर गोंगाट आहे. चार पोरांच्या खोलीत शांतता विकत मिळत नाही. मिळते ती मानेवर ओझं घेऊन.

हायडेगर म्हणतो, अवजार नीट चालतं तेव्हा ते दिसत नाही, अडलं की दिसतं. आम्ही त्यात आमची भर घालतो : दुखणाऱ्याला ते दिसतं, पण शेजारच्याला दाखवता येत नाही. म्हणून विचारावं लागतं.

नातवासाठी काय केलं ते सांगून थांबतो. मोबाइल डोळ्यांच्या रेषेत येईल असं लाकडी स्टँड सुताराकडून करून घेतलं. हेडफोन पट्टी रुंद असलेले, कमी वजनाचे, कानशिलं न आवळणारे घेतले. चाळीस मिनिटांनी काढून ठेवायचे, उठायचं, खांदे फिरवायचे. वाचताना आवाज नको असेल तर कानात साधे बोळे. आणि मुंग्या, बधिरपणा आला तर घरगुती उपाय नाहीत, सरळ डॉक्टर.

आईची चुंबळ आमच्याकडे नाही. चुंबळ जपून ठेवत नसतात. ओझं उतरलं की ती सोडायची, झटकायची, तिची पुन्हा चिंधी होते आणि घाम पुसायला लागते. तिला आम्ही एकदाच विचारलं, आणि तिनं टाळलं तर पुन्हा विचारलं नाही. नातवाला आता दर रविवारी फोनवर विचारतो. तो म्हणतो, "आबा, बरी आहे मान, अभ्यासाचं विचारा." त्यावर आम्ही म्हणतो, आधी मानेचं सांग.