मेदपेशी व स्तनकर्करोग : प्रयोगशाळेतील प्रारूपे

स्तनातील मेदपेशी कर्करोगाच्या वाढीस कशी मदत करतात, हे शरीराबाहेर अभ्यासण्यासाठी विकसित केलेल्या पेशीसंवर्धन-पद्धती. स्तनाचा बराचसा भाग मेदऊतीचा असतो आणि पसरणारी गाठ तिच्यात शिरते. तरीही मेदपेशींना दीर्घकाळ केवळ चरबीची साठवण मानले गेले, त्यात संशोधनाचे नुकसानच झाले.

पूर्ण वाढलेली मेदपेशी विभागत नाही, शिवाय चरबीमुळे संवर्धनद्रवावर तरंगते; नेहमीच्या बशीत ती टिकवणे कठीण. म्हणून पूर्वमेदपेशी (मेदपेशी बनण्याआधीच्या, विभागू शकणाऱ्या पेशी) वाढवून इन्शुलिन, डेक्सामेथासोन इत्यादींच्या साहाय्याने त्यांचे मेदपेशींत रूपांतर करतात. हॉवर्ड ग्रीन यांच्या गटाने १९७० च्या दशकात उंदरापासून मिळवलेली ३टी३-एल१ ही पेशीमालिका यासाठी फार वापरली जाते. सहसंवर्धनात, म्हणजे दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढवताना, सूक्ष्मछिद्री पटलाच्या एका बाजूस मेदपेशी आणि दुसऱ्या बाजूस एमसीएफ-७ सारख्या कर्कपेशी ठेवतात. पेशींचा स्पर्श होत नाही, स्राव मात्र पोचतात. अशा मांडणीतून फ्रेंच संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की, कर्कपेशींच्या सान्निध्यात मेदपेशींतील चरबी घटते, त्या इंटरल्यूकिन-६ सारखी दाहकारक प्रथिने स्रवतात आणि कर्कपेशी अधिक आक्रमक बनतात. मुक्त झालेली मेदाम्ले कर्कपेशींना इंधन म्हणूनही मिळतात.

त्रिमितीय जेल आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतीचे तुकडे वास्तवाच्या अधिक जवळ जातात. उंदराच्या पेशींवरील निष्कर्ष थेट स्त्रियांना लावणे धोक्याचे आहे. वय, लठ्ठपणा व रजोनिवृत्ती यांनी मेदऊती बदलते. रजोनिवृत्तीनंतर तर तिच्यातील ॲरोमाटेज या विकरामुळे तीच इस्ट्रोजेनाचा प्रमुख स्रोत ठरते. एकाच पेशीमालिकेत हे सारे उतरत नाही.