पैलूंचं विमान

रडारपासून लपणाऱ्या एफ-११७ विमानाचा फोटो वर्गात दाखवला की पोरं हसतात. सगळे सपाट पत्रे, कोनाकोनांत जोडलेले. गोलाई औषधालाही नाही. मी त्यांना सांगतो, हा आकार वाऱ्याने ठरवलेला नाही, १९७५च्या कॉम्प्युटरने ठरवलाय.

रडारची लहर धातूवर आदळली की पृष्ठभागावर विजेचे प्रवाह वाहतात आणि तेच प्रवाह परतीची लहर सोडतात. गोळ्यापुरतं हे गणित गुस्ताव मी यांनी १९०८मध्येच सोडवलं होतं. विमानाला तसं सूत्र नाही. मग प्रत्येक जागी पृष्ठभाग अनंत सपाट आहे असं धरून प्रवाह काढायचे. पत्र्याच्या मध्यावर हे खपून जातं, कडेला फसतं. आणि पत्रे तिरके ठेवून मुख्य परावर्तन दुसरीकडे वळवलं, की रडारकडे उरतो तो बराचसा कडांचाच प्रतिध्वनी.

कडांच्या प्रवाहांची ही दुरुस्ती मॉस्कोच्या प्योत्र उफिम्त्सेव यांनी मांडली. त्यांचं पुस्तक १९६२मध्ये तिथे राजरोस छापलं गेलं. १९७१मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्याचं भाषांतर केलं. एफ-११७ बनवणाऱ्या लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी ते रुक्ष प्रकरण नेटाने वाचलं. माझ्या मते शीतयुद्धातली सर्वांत स्वस्त हेरगिरी हीच. गणितज्ञ बिल श्रोडर यांच्या साथीने त्यांनी ‘एको’ हा प्रोग्रॅम उभा केला. वक्र पृष्ठभागाचा हिशेब त्याला झेपेना, म्हणून विमानच पत्र्यांत मोडलं.

प्रकल्पाचे प्रमुख बेन रिच आठवणींत सांगतात, की चाचणीत खांबावरचं लाकडी प्रतिरूप रडारला सापडेना. रडारवाल्याला वाटलं, खाली पडलं असेल. तेवढ्यात पडद्यावर काहीतरी उमटलं. प्रतिरूपावर एक काळा पक्षी येऊन बसला होता!

प्रवाह अंदाजाने न धरता समीकरणांतूनच काढायची वाट रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८च्या पुस्तकाने रुळवली होती. पण ती फार महाग. लहरीची वारंवारता दुप्पट केली की पृष्ठभागावरच्या अज्ञात संख्या चौपट, त्यांचा तक्ता सोळापट आणि सरळ सोडवायला वेळ चौसष्टपट. १९८२मध्ये राव, विल्टन आणि ग्लिसन यांनी कुठलाही वाकडातिकडा पृष्ठभाग इवल्या त्रिकोणांत मांडून प्रवाह एका त्रिकोणातून शेजारच्यात नेण्याची सुटसुटीत रीत दिली. आजही ती वापरात आहे. रडारपासून लपणारंच बी-२ बॉम्बर १९८९मध्ये उडालं, तेव्हा त्याचं अंग गोलसर होतं. पैलू विमानावरून उतरले होते. गणितातल्या जाळीत ते आता हजारोंनी असतात.