तळटीप : ‘न हलणारे शुक्राणू’

* लेखकाने इथे ‘न हलणारे शुक्राणू’ एवढेच म्हटले आहे. संख्या पुरेशी असूनही ते हलत का नाहीत, याचे उत्तर त्यांच्या घडणीत सापडते.

शुक्राणूच्या शेपटात मधोमध दोन आणि भोवती नऊ जोड्या अशा सूक्ष्मनलिका असतात. प्रत्येक जोडीला डायनीन या प्रथिनाचे इवलेसे हात असतात. ते शेजारच्या जोडीला सरकवतात, तेव्हा शेपूट वळते. 1976 मध्ये स्टॉकहोमच्या ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी काही वंध्य पुरुषांच्या बाबतीत दाखवून दिले की, हे हातच गायब आहेत. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे सूक्ष्म केसही याच घडणीचे असतात. त्यामुळे अशा रुग्णांना लहानपणापासून सर्दी-खोकला जडलेला असतो आणि जवळपास निम्म्यांचे हृदय उजवीकडे असते. मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाला जुन्या खोकल्याबद्दल विचारणे म्हणूनच फार मोलाचे. दुर्दैवाने आपल्याकडे अजूनही आधी बायकोच्याच तपासण्या सुरू होतात.

दोष डोक्यातही असू शकतो. शुक्राणूच्या डोक्यावर अ‍ॅक्रोसोमची टोपी असते. ती उघडली की स्त्रीबीजाच्या आवरणातून वाट काढणे शक्य होते, आणि बीजावरच्या ‘जूनो’शी जुळणारे ‘इझुमो’ प्रथिनही तेव्हाच उघडे पडते. काही पुरुषांचे सगळे शुक्राणू गोल डोक्याचे, बिनटोपीचे असतात.

1992 मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडून गर्भधारणा घडवली. न हलणाऱ्यांनाही त्यामुळे वाट मिळाली. गोल डोक्याच्या शुक्राणूंना मात्र तेवढे बहुधा पुरत नाही; बीजाला जागे करणारे प्रथिनही त्यांच्यात नसते किंवा अगदी कमी असते, म्हणून प्रयोगशाळेत कॅल्शियमचा प्रवाह कृत्रिमरीत्या सुरू करावा लागतो. — संपादक