उकळलेल्या पाण्याचे बर्फ

सांगलीस चैत्र-वैशाखात दारी आलेल्यास गूळपाणी देण्याची रीत जुनी. आता पन्ह्याच्या पेल्यात बर्फाच्या वड्याही येतात. वडी कडेने काचेसारखी आणि मध्ये दुधासारखी पांढुरकी निघाली, की घरातील कोणीतरी हमखास सुचविते : पाणी उकळून घ्यावे, म्हणजे बर्फ लवकर होते आणि नितळही होते. हा समज शीतकपाटाहून फार जुना आहे.

त्याचा एक लेखी पुरावा १७७५ सालचा आहे. सर रॉबर्ट बार्कर यांनी त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अलाहाबाद व कलकत्ता भागातील बर्फ करण्याची कृती मांडली. मोकळ्या मैदानात सुमारे दोन फूट खोल खड्डे. त्यांत उसाची वा मक्याची वाळलेली ताटे. त्यांवर मातीची उथळ पात्रे. आणि तिन्हीसांजेस त्यांत ओतलेले पाणी, तेही उकळून निवविलेले. सूर्योदयापूर्वी पात्रांत बर्फ धरलेले असे. निरभ्र आकाशाकडे पाण्याची उष्णता निघून जाते आणि ताटांमुळे भूमीची ऊब वर चढत नाही, म्हणून हे साधे.

सातारा जिल्ह्यात हेच कार्य निसर्ग आपण होऊन करतो. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी महाबळेश्वरी १८४२ मध्ये बांधविलेल्या वेण्णा तलावाच्या काठी व लिंगमळ्यास थंडीतील एखाद्या निवांत रात्री दव गोठून पानोपानी हिमकण दिसतात. तेथे पाणी कोणी उकळीत नाही!

मग मजूर ते का उकळीत? बार्कर यांनी त्यांची समजूत नोंदविली, परंतु तिचा निर्णय करण्याचे टाळले. एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी मात्र ती हसण्यावारी नेली नाही. त्याच वर्षी त्यांनी उकळून निवविलेले आणि न उकळलेले पाणी कडाक्याच्या थंडीत शेजारी ठेवले. पहिले आधी गोठले. दुसरे गोठणबिंदूखाली उतरूनही द्रवच राहिले आणि ढवळताच गोठू लागले. निवलेले पाणी हवा पुन्हा शोषते, त्या सूक्ष्म हालचालीने गोठण्यास आरंभ होतो, असे ब्लॅक यांचे मत पडले. ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्या अनुभवाची परीक्षा नामांकित प्राध्यापकाने घेतली, ही गोष्ट लहान नव्हे.

ऊन पाणीच आधी गोठते, हा त्यापुढचा दावा. ॲरिस्टॉटलने त्याचा उल्लेख केला होता. १९६३ मध्ये टांगानिकातील एरास्टो म्पेंबा या शाळकरी मुलास आइस्क्रीम करताना तेच दिसले. वर्गात त्याचे हसे झाले. १९६९ मध्ये डेनिस ऑस्बोर्न यांच्यासह त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. २०१६ मधील बरिज व लिंडन यांच्या काटेकोर मोजणीत मात्र खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

नितळपणाचा प्रश्न निराळा. विरघळलेली हवा बर्फात मावत नाही. वडी चहूबाजूंनी गोठू लागली की ती मध्यभागी कोंडून बुडबुडे धरतात. उकळल्याने हवा जाते, जड पाण्यातील काही क्षारही तळाशी बसतात. पण निवताना हवा परतते, म्हणून गुण थोडाच येतो. त्यापेक्षा थर्माकोलच्या डब्यात बसविलेले, वरून उघडे भांडे ठेवावे. पाणी वरून खाली गोठत जाते आणि हवा तळाशी लोटली जाते. तळचे पाणी गोठण्यापूर्वी ओतून द्यावे आणि वरची नितळ लादी फोडून पन्ह्यात टाकावी.