झिलई, मुलामा आणि धूळ

'मुलामा' हा शब्द मराठी समीक्षेत आता जवळजवळ शिवीसारखाच वापरला जातो. एखाद्या कवितेवर अलंकारांचा मुलामा चढवला आहे, असे म्हटले की आतला धातू हिणकस आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. उलट 'घासूनपुसून लख्ख' या शब्दप्रयोगात कौतुक असते, कारण तिथे वरून काही थापलेले नसते. आहे तेच उजळलेले असते. भाषेतल्या या पक्षपाताची परीक्षा आम्ही येथे साहित्याच्या बाहेर, मोटारीच्या चाकावर करून पाहणार आहोत. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक डागाळले, ओरखडले की ते पुन्हा देखणे करण्याचे दोन मुख्य मार्ग असतात. एक, ते घासून पॉलिश करणे. दुसरा, त्यावर पावडर कोटिंग करणे. गॅरेजमध्ये ही निवड पाच मिनिटांत आणि बहुधा दिसण्यावरून होते. तिच्यामागच्या शंभर वर्षांत मात्र दिसण्याहून बरेच काही गुंतलेले आहे.

ऑगस्ट १९२४ मध्ये ल्योंच्या शर्यतीत बुगाटीची 'टाइप ३५' मोटार उतरली, ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, आठ रुंद आऱ्यांची चाके घेऊन. टायरांनी दगा दिल्याने त्या दिवशी यश मिळाले नाही. पण लाकडी आणि तारांच्या चाकांच्या काळात एक हलके, एकसंध आणि स्वतःच्या धातूचा अभिमान बाळगणारे चाक लोकांनी पाहिले. हा अभिमान जपणे कठीण होते. अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग हवेत उघडा पडताच क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. तो धातूचे रक्षण करतो, पण मिठापुढे फारसा टिकत नाही. म्हणूनच १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांसाठी तो थर विजेच्या साहाय्याने मुद्दाम जाड करण्याची, म्हणजे अ‍ॅनोडायझिंगची, रीत निघाली. उघडा दिसणारा अ‍ॅल्युमिनियम कधीच पुरता उघडा नसतो, हे लक्षात घेतले की झाकलेले आणि उघडे हा भेद सुरुवातीपासूनच जरा डळमळीत वाटू लागतो.

चकाकत्या चाकाची आवड मात्र एका विशिष्ट प्रदेशात रुजली, आणि ती तिथेच का रुजली याला कारणे आहेत. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण कॅलिफोर्निया हा विमानांच्या कारखान्यांचा मुलूख बनला होता. १९४४ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने आपल्या बहुतेक नव्या विमानांना रंग देणे थांबवले. वजन वाचत होते, मजुरी वाचत होती, आणि आकाशात लपण्याची गरज उरली नव्हती. युद्ध संपले तेव्हा उघडी, रुपेरी धातू ही विजयाची कांती झाली होती. विमानांच्या टाकून दिलेल्या इंधनटाक्यांपासून तिथल्या तरुणांनी मोटारी बनवल्या आणि मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर त्या पळवल्या. टेड हॅलिब्रँडची मॅग्नेशियमची चाके शर्यतींच्या मैदानांवर आली आणि तिथून रस्त्यावर. तिथली हवा कोरडी होती. रस्त्यांवर बर्फ नव्हते, त्यामुळे बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठही नव्हते. घासलेले चाक महिनोन् महिने तसेच राहू शके. एका हवामानाची ही सवलत पुढे जगभर सौंदर्याचा नियम म्हणून गेली. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात ती सवलत मिळत नाही, याची चर्चा कोणी केली नाही. (त्या मॅग्नेशियमची आठवण शब्दात मात्र टिकली आहे. आपल्याकडेही अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांना अनेकजण 'मॅग व्हील' म्हणतात. धातू गेला, नाव राहिले. शब्दांच्या इतिहासात हे नेहमीचेच.)

गंमत अशी, की या आवडीला प्रतिस्पर्धी मिळाला तोही त्याच शहरामुळे. पावडरचे तंत्र जर्मनीतले. १९५० च्या दशकात एर्विन गेमर यांनी खालून हवा सोडून द्रवासारख्या खळाळत्या केलेल्या भुकटीत तापलेली वस्तू बुडवण्याची पद्धत शोधली. वस्तूच्या उष्णतेने भुकटी वितळून तिला चिकटे. थर जाड आणि ओबडधोबड असे. तो शोभेसाठी नव्हताच. साठच्या दशकात भुकटीला विद्युतभार देऊन ती बंदुकीने फवारण्याची रीत आली, तेव्हा थर पातळ आणि सारखा बसू लागला. पण चांगले तंत्र आले म्हणून जुने आपोआप जात नाही. लॉस एंजेलिसवर धुरकट, डोळे झोंबवणारी हवा साचत होती, आणि तिच्या कारणांपैकी एक होते रंगातून उडून जाणारे द्रावक. १९६६ मध्ये तिथे अशा द्रावकांवर निर्बंध घालणारा 'नियम ६६' झाला. १९७० मध्ये अमेरिकेचा हवाशुद्धीचा कायदा आला. १९७३ मध्ये तेल महागले. पावडरमध्ये द्रावकच नसल्याने तिचे दिवस आले. ज्या आकाशाने चकाकत्या धातूला आश्रय दिला, तेच काळवंडल्यावर लेपाचा पुरस्कार करू लागले.

येथवर हा इतिहास रुचीचा आणि हवेचा झाला. आता हातांचा.

पॉलिश म्हणजे धातूचा एक थर काढून टाकणे. तो काढलेला थर नाहीसा होत नाही, त्याची धूळ होते. एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या सुऱ्याकात्र्यांना धार लावणारे आणि झिलई देणारे कामगार छातीच्या विकाराने तरुणपणीच मरत. त्या विकाराला 'घासणाऱ्यांचा दमा' असेच नाव होते. अ‍ॅल्युमिनियमच्या धुळीत आणखी एक धोका आहे. घन धातू सहसा पेटत नाही, पण त्याचीच बारीक धूळ हवेत पसरली की तिचा स्फोट होऊ शकतो. २९ ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टन येथे चाकांच्या कारखान्यात असा स्फोट होऊन एक कामगार दगावला. २ ऑगस्ट २०१४ च्या सकाळी चीनमधील कुनशान येथे तर चाके घासण्याच्या दालनातच स्फोट झाला. क्रोमचा मुलामा चढवण्याआधी चाक आरशासारखे गुळगुळीत करावे लागते. ते काम तिथे चालत असे. धूळ ओढून घेणारी यंत्रणा दीर्घकाळ साफ केलेली नव्हती, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्या दिवशी ७५ माणसे मेली, आणि होरपळलेल्यांपैकी अनेकजण पुढच्या महिन्यांत दगावून आकडा १४६ वर गेला. चाके घासणाऱ्या या माणसांचे नाव कुठल्याही चाकावर नसते. मोटारीची जाहिरात झळाळीविषयी बोलते. झळाळी देताना खाली पडलेल्या धुळीविषयी बोलत नाही.

पावडरही भुकटीच आहे, तीही हवेत पेटू शकते, आणि ती फवारणाऱ्याने तोंड झाकलेच पाहिजे. फरक आहे तो व्यवस्थेचा. विद्युतभारामुळे तिचा मोठा भाग वस्तूकडेच ओढला जातो, उरलेली बंदिस्त कक्षात गोळा करून पुन्हा वापरता येते; घासण्याच्या धुळीला असे परतीचे ठिकाण नसते. लेपाचे दोषही आम्ही झाकत नाही. थराखाली तडा दडू शकतो, म्हणून लेपाआधी चाक नीट तपासलेच पाहिजे. दगडाने टवका उडाला की ओलावा आत शिरतो आणि थराखाली किड्याने वाट काढावी तशा रेषा पसरतात. थर भाजण्याची भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसची असते. ओतीव चाकाला बळकटी देणारा कारखान्यातला अखेरचा उष्णतासंस्कार सहसा याहून कमी तापमानाचा असतो, त्यामुळे तेच चाक पुनःपुन्हा किंवा फार वेळ भाजणे बरे नव्हे. पण पॉलिशचाही हिशेब असतो. प्रत्येक वेळी धातू झिजतो, आणि लेथवर तासून चमक आणली तर तो अधिक झिजतो.

आणि भाषेचे काय? मराठीत मुलाम्याच्याच घरातला एक शब्द असा आहे, ज्याने आपली अब्रू राखली आहे: कल्हई. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते. कल्हई असली तर कळकत नाही. 'कल्हई उडाली' असे आपण माणसाविषयी कुत्सितपणे म्हणतो खरे, पण स्वयंपाकघरात कल्हई उडणे ही फजिती नसून धोका असतो, आणि कल्हईवाल्याची हाक आली की आमच्या आज्यांनी लेपाच्या प्रामाणिकपणावर प्रश्न विचारल्याचे ऐकिवात नाही. पावडर कोटिंगला मुलाम्याच्या नव्हे, कल्हईच्या रांगेत बसवावे, असे आम्हाला वाटते. समुद्रकाठी, पावसात आणि चिखलात रोज धावणाऱ्या मोटारीला तेच योग्य. पॉलिश राहू द्यावे त्या जुन्या मोटारीसाठी, जी छपराखाली उभी असते, आणि जिचा मालक रविवारी सकाळी फडके घेऊन स्वतः चाकाशी बसतो.